ऐतिहासिक वास्तूंचे जतन आणि पुनर्वापर : कोरेगाव-सातारा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यातील बरेचसे किल्ले, लेणी आणि मंदिरे यांच्याभोवती फिरत राहते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाला स्थान मिळाले. ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. परंतु याच जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात नांदगिरीचा कल्याणगड आहे, रहिमतपूर येथे आदिलशाही काळातील मशीद, मकबरा आणि पाण्याचा मनोरा आहे. शेजारच्या तालुक्यांतही वाडे, घाट आणि बारवा आहेत. जागतिक यादीत नसलेल्या अशा वास्तूंचे भवितव्य मुख्यतः स्थानिक समाजाच्या व्यवहारावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात जतन आणि पुनर्वापर यांच्या परस्परसंबंधाची या परिसरातील काही उदाहरणांच्या आधारे चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

‘स्मारक’ आणि ‘वास्तू’

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, तर अनुच्छेद ५१ (क) ने संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे नागरिकांचे कर्तव्य मानले आहे. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम यांची भाषा मात्र प्रामुख्याने मनाईची आहे. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटरचे क्षेत्र प्रतिबंधित ठरविले. अशी मनाई आवश्यक असली तरी वास्तूत काय करू नये एवढेच ती सांगते. तेथे काय व्हावे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या कायद्यांतील मध्यवर्ती शब्द ‘स्मारक’ हा आहे. स्मारक म्हटले की जे घडून गेले आणि संपले त्याची आठवण अभिप्रेत असते. याउलट ‘वास्तू’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे. ‘वास’, ‘वसाहत’ आणि ‘वस्ती’ ही त्याचीच भावंडे होत. म्हणजेच वास्तूच्या कल्पनेतच राबता गृहीत आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही समाजोपयोगी वापरामुळे जतनास साहाय्य होते हे मान्य केले, मात्र त्या वापराने वास्तूची रचना व सजावट बदलू नये अशी अट घातली. या अटीत जतनाच्या प्रश्नाचे मर्म आहे.

रहिमतपूर : प्रयोजन टिकणे आणि संपणे

रहिमतपूरच्या मशिदीच्या आग्नेयेस सुमारे पन्नास फूट उंचीचा पाण्याचा मनोरा आहे. मोटेने पाणी वर चढवायचे आणि तेथून नळाने मशिदीच्या प्रांगणातील कारंज्यापर्यंत न्यायचे, अशी ही योजना होती. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये तिची नोंद झाली, तेव्हाच कारंजे बंद पडलेले होते. एकाच संकुलातील दोन बांधकामांचे भवितव्य येथे वेगळे झालेले दिसते. प्रार्थना आणि स्मरण या प्रयोजनांना यंत्रणेची गरज नसते. मनोऱ्याचे प्रयोजन मात्र मोट, ती ओढणारे जनावर आणि मोट हाकणारा मनुष्य यांच्याशी जखडलेले होते. ती साखळी तुटली आणि मनोरा ‘अवशेष’ झाला. दगड दोहोंकडे टिकाऊच होता. अर्थात केवळ बांधकामाची मजबुती वास्तूला अर्थपूर्ण ठेवू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

सातारचा राजवाडा : पुनर्वापरातून घडलेला इतिहास

प्रयोजन संपल्यावर वास्तूला दुसरे प्रयोजन लाभू शकते. याचे या परिसरातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे सातारचा जुना राजवाडा होय. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर राजवाड्याचा मूळ उपयोग उरला नाही. पुढे तेथे सरकारी शाळा भरू लागली. याच शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा इंग्रजी पहिलीच्या वर्गात प्रवेश झाला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा केला जातो.

या उदाहरणाचा सैद्धांतिक अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. राजवाड्याचे जतन म्हणजे त्याला ‘मूळ’ राजेशाही रूप देणे, असे मानले तर शाळेच्या काळातील खुणा उपऱ्या ठरतील आणि पुसल्या जातील. परंतु छत्रपतींच्या निवासस्थानी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाला शाळेत प्रवेश मिळणे, ही घटना त्या वास्तूच्या इतिहासात राजवटीइतकीच मोलाची आहे आणि ती केवळ पुनर्वापरामुळे घडली. ‘मूळ रूप’ या संकल्पनेची मर्यादा येथे उघड होते. कोणता थर राखायचा आणि कोणता खरवडून काढायचा हा निर्णय वरकरणी तांत्रिक भासतो. वस्तुतः कोणाची स्मृती इतिहास म्हणून मान्य करायची, याचाच तो निर्णय असतो.

वाडा आणि विहीर : प्रदर्शनाचे मोल

वाड्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वाडा उभा होता तो जमिनीच्या उत्पन्नावर आणि एकत्र कुटुंबावर. १९४८ च्या आरंभी सातारा-सांगली भागात झालेली जाळपोळ, त्यानंतरचे स्थलांतर आणि त्याच वर्षीचा कूळकायदा यांमुळे अनेक वाड्यांचा हा आधार गेला. कुळांना न्याय देणारा कायदा सामाजिकदृष्ट्या योग्यच होता. तथापि वाड्याची देखभाल यापुढे कोणी करावी, या प्रश्नाचा विचार झाला नाही. समाईक मालकी, वाटण्या आणि सागवानी लाकडाला मिळणारा भाव यांनी पुढील काम केले.

वाईजवळील मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णाकाठचा घाट यांना चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे नवे महत्त्व आले. ‘स्वदेस’ (२००४) हे त्याचे परिचित उदाहरण होय. लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीचीही अशीच ख्याती झाली आहे. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविलेली ही विहीर सुमारे ११० फूट खोल असून तिच्यातच महाल आहे. तेलाची इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर मोटा थांबल्या. आज तेथे पर्यटक येतात.

प्रदर्शन हा वापरच आहे, परंतु तो अपुरा वापर आहे. पाहणाऱ्याचा वास्तूशी संबंध तासाभराचा असतो, तर तिच्या गळतीची आणि पिंपळाच्या रोपांची काळजी गावालाच बारमाही वाहावी लागते. येणाऱ्या उत्पन्नात आणि निर्णयात गावाचा वाटा नसेल, तर वारसा गावात राहूनही गावाचा राहत नाही.

जीर्णोद्धाराची मर्यादा

याचा अर्थ स्थानिकांचा प्रत्येक वापर हितकारक असतो, असा मुळीच नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा जुनी आहे आणि लोकवर्गणीतून होणारे हे कार्य श्रद्धेचे असते. तथापि काळ्या पाषाणावर तैलरंग, शिल्पांलगत फरशा आणि जुन्या मंडपापुढे सिमेंट-काँक्रीटचा सभामंडप हे दृश्य आता सर्वत्र आढळते. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा थर ती आत कोंडतो, क्षार साचतात आणि जुनी वीट किंवा दगड भुगा होऊन झडू लागतो. चुना मळणारा गवंडी दुर्मीळ झाल्याने उत्साही गावकऱ्यांसमोर पर्यायही राहत नाही. म्हणून कारागिराचे जतन हा वास्तूच्या जतनाचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वास्तूचे आयुष्य तिच्या दगडविटांइतकेच तिच्या प्रयोजनावर अवलंबून असते. पुनर्वापराने वास्तूच्या इतिहासात भर पडते, त्यामुळे जतन करताना नंतरच्या थरांनाही मूळ थराइतकाच विचार मिळावा. कोणत्याही पुनर्वापराचे मूल्यमापन तीन प्रश्नांनी व्हावे : वास्तूची किल्ली कोणाकडे आहे, दुरुस्तीचा खर्च कोण करतो आणि तेथे कोणाची स्मृती जपली जाते. तालुक्याच्या ठिकाणी वाचनालय, अभ्यासिका, दप्तरखाना किंवा प्रशिक्षण केंद्र यांसाठी जागेची गरज नेहमीच असते. एखादा रिकामा वाडा त्यासाठी घेताना रचनेला धक्का न लावण्याची अट आणि देखभालीची कायम तरतूद या दोन्ही गोष्टी आरंभीच निश्चित झाल्या पाहिजेत. या कामी महाविद्यालयांतील इतिहास, मराठी, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांनी आपल्या तालुक्यातील वास्तूंची मोजमापे, छायाचित्रे, मालकी आणि मौखिक माहिती यांची नोंद करणे ही पहिली पायरी ठरेल. नोंद नसलेली वास्तू पडली, तर ती होती हे सिद्ध करणेही पुढील पिढीला कठीण जाते.