टाकाऊतले टिकाऊ किती?

कार्यानुभवाच्या तासाला आपण 'टाकाऊतून टिकाऊ' करून घेतो. वस्तू टाकाऊ होती एवढ्यावर गुण दिले जातात. ती टिकली का, हे सहसा कोणी पाहत नाही. चंडीगडच्या प्रसिद्ध रॉक गार्डनमधील शिल्पे आम्ही या दुसऱ्या शब्दाच्या कसोटीवर तपासणार आहोत.

फाळणीनंतर भारतात आलेले नेकचंद (१९२४–२०१५) हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नव्या चंडीगडसाठी जी खेडी उठवली गेली, त्यांच्या घरांचा राडारोडा त्यांनी गोळा केला. सुखना तलावाजवळच्या सरकारी जागेत कोणालाही न सांगता ते अनेक वर्षे शिल्पे घडवत होते. १९७६ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली.

या शिल्पांचे खरे यश पदार्थांच्या निवडीत आहे. आत बहुधा जुन्या सायकलींचे लोखंड, त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वरून चिनीमातीचे व बांगड्यांचे तुकडे. चिनीमातीवरचे ग्लेझ म्हणजे काचेचाच पातळ थर. त्यात पाणी मुरत नाही. त्यातले रंग धातूंच्या संयुगांचे, भट्टीत पक्के झालेले. ते उन्हाने सहसा विटत नाहीत. वरून तैलरंग फासला असता तर तो काही पावसाळ्यांतच उडाला असता. येथे टाकून दिलेल्या बशीने स्वतःचा गुण शिल्पाला दिला आहे.

उणीव आतल्या लोखंडात आहे. सिमेंट अल्कधर्मी असते, म्हणून त्यातले लोखंड सुरक्षित राहते. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा गुण कमी करतो. मग लोखंड गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने गिलाव्याला तडे जातात. कलादृष्ट्या म्हणाल, तर जुन्या भागातील रांगेने उभ्या असलेल्या आकृतींत गर्दीचा जिवंतपणा आहे. नंतरच्या भागातील भव्य कमानी व झोपाळे यांत मात्र तुकड्यांपेक्षा बांधकामच डोळ्यांत भरते.

कचऱ्याच्या प्रश्नावरचे उत्तर म्हणून या बागेचे कौतुक करणे आम्हांला पटत नाही. तुकडे जुने असले, तरी त्यांना धरून ठेवणारे सिमेंट लागतेच; ते करताना चुनखडी भाजावी लागते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बागेचे मोल वेगळे आहे: उठवलेल्या खेड्यांतले काहीतरी त्याच शहरात डोळ्यांसमोर राहिले. तेही सुरक्षित नाही. मार्च २०२५ मध्ये रस्ता रुंदीकरणासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. राडारोड्याचा पुन्हा राडारोडा झाला.

शिक्षकमित्रांनी पुढच्या तासाला भिंतीच्या जुन्या फरशीचा तुकडा आणावा. चकचकीत बाजूवर पाण्याचा एक थेंब टाकावा, एक मागच्या बाजूवर. कोणती बाजू बाहेर ठेवायची, हे मुलांनाच ठरवू द्यावे.