आभाळाकडे बघत चालणारं गाणं

ठेका चालण्याचा आहे. रात्री उशिरा एकटा घरी निघालेला माणूस ज्या लयीत पावलं टाकतो, ना घाईत ना रेंगाळत, त्या लयीत हे गाणं सुरू होतं. आधी टपटप स्वरांची छोटीशी सुरावट येते, मागून तंतुवाद्यं हलकेच सामील होतात, आणि मग एकोणीस वर्षांच्या मुलाचा कोवळा, किंचित कापरा आवाज. मी हे गाणं प्रथम ऐकलं तेव्हा मला जपानीचा एक शब्द येत नव्हता. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत कळून चुकलं होतं, की हा मुलगा रडू दाबून चालतो आहे. हे मला कशावरून कळलं, याचा शोध मी त्या दिवसापासून घेत आलो आहे.

गाण्याचं नाव ‘उए ओ मुइते आरुको’. अर्थ साधा आहे: वर बघत चालावं. तबकडी निघाली ऑक्टोबर १९६१ मध्ये, जपानात. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाइ यांची, आवाज साकामोतो क्यू याचा. जपानीत रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ, म्हणून तिकडे या तिघांना ‘सहा-आठ-नऊ’ असंच म्हणत. कवी तोक्योच्या आसाकुसा भागातला, देवळाच्या घरात वाढलेला. संगीतकाराचा जन्म चीनमधल्या छिंगताओचा, हात जॅझच्या पियानोवर बसलेला. गायक एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांवर पोसलेला, रॉकबिली गाणाऱ्या पोरांच्या टोळक्यातून आलेला. तिघांचे तीन रस्ते, आणि अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यात तिन्ही दिसतात.

चालीपासून सुरुवात करू. पहिली ओळ षड्जावर पाय रोवते, रिषभावरून गांधारापर्यंत दोन पायऱ्या चढते आणि लगेच उतरून मंद्रातल्या पंचमापर्यंत खाली येते. म्हणजे शब्द सांगतात ‘वर बघ’, आणि सूर मात्र खाली वाकतो. मान उचलायचा निश्चय आणि खाली ओढणारं मनाचं ओझं, दोन्ही पहिल्याच ओळीत ऐकू येतात. पुढच्या ओळीत चाल पुन्हा वर उचलली जाते, जणू त्या मुलानं हनुवटी नेटानं वर केली. मराठी कानाला ही ओळ ओळखीची वाटते याचं कारणही सुरांतच आहे. जपानात मेइजी काळात शाळांसाठी नवी गाणी रचली गेली, तेव्हा पाश्चात्त्य स्वरसप्तकातून चौथा आणि सातवा स्वर गाळून एक पाच सुरांचा साचा रूढ झाला. त्याला ‘योनानुकी’ म्हणतात, आणि ही ओळ त्याच साच्यात बसते. चार-सात काढलेला, असा त्याचा अर्थ. मध्यम आणि निषाद वर्ज्य, बाकी सगळे शुद्ध. हा आपला भूप झाला. किशोरीताईंच्या ‘सहेला रे’मध्ये ज्या पाच सुरांनी गाभारा उभा राहतो, त्याच पाच सुरांवर जपानची शाळकरी पोरं पिढ्यान्‌पिढ्या गाणी म्हणत आली. राग म्हणून दोन्हींची तुलना करता येणार नाही. इथे ना आलाप आहे ना विस्तार. पण त्या पाच सुरांतली निर्मळता, कोणताही सूर टोचत नाही असा तो स्वच्छपणा, इथेही आहे. दुःखाच्या गाण्याला नाकामुरांनी ही स्वच्छ पाटी निवडली, हा मला त्यांचा सर्वांत मोठा निर्णय वाटतो.

मग मधला भाग येतो आणि पाटीवर पहिली सावली पडते. चाल तिथे मध्यमाच्या घरात शिरते. कवी म्हणतो ते थोडक्यात असं, की सुख ढगांच्या वर आहे. तोच विचार तो लगेच पुन्हा मांडतो, पण या वेळी सुख आभाळाच्याही वर गेलेलं असतं. ढगापर्यंत निदान नजर तरी पोचते, आभाळाच्या पलीकडे कोण पाहणार? आणि नेमक्या त्या दुसऱ्या खेपेला साथीच्या सुरावटीतला शुद्ध धैवत कोमल होतो. एकच सूर, अर्ध्या पायरीनं खाली. दिवा विझत नाही, वात थोडी खाली केली जाते. मी हा तुकडा कितीदा ऐकला असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी त्या जागी छातीत काहीतरी हलतं. पुढे हाच भाग परत येतो तेव्हा कवी सुखाऐवजी दुःखाचा पत्ता सांगतो. ते ताऱ्यांच्या सावलीत, चंद्राच्या सावलीत आहे. सुख दूर दूर जात राहिलं, दुःखाला मात्र रात्रीच्या प्रत्येक प्रकाशाआड जागा मिळाली.

एइंच्या शब्दांत अशा बारीक जागा पुष्कळ आहेत. वर बघत चालायचं ते अश्रू ओघळू नयेत म्हणून. आता मान वर केली की तारे दिसणार, पण डोळे डबडबलेले, म्हणून तारे पसरट, फुटलेले दिसतात, आणि तो मुलगा ते फुटके तारे मोजत जातो. एवढ्या एका प्रतिमेत डोळ्यातलं पाणी न दाखवता दाखवलं आहे. कडव्यागणिक एकेक ऋतू आठवतो: वसंताचे दिवस, उन्हाळ्याचे दिवस, शरदाचे दिवस. हिवाळा येतच नाही. तो आठवणीत नसावा, तो या क्षणी चालू असावा, असं मला वाटत आलं आहे.

हे अश्रू कसले? शब्दांत कुठेच खुलासा नाही. प्रेमभंगाचं गाणं म्हणून ऐकलं तर तसंही ते पुरतं लागू पडतं. पण एइ ज्या रात्री चालत होते ती रात्र वेगळी होती. १९६० साली जपानचे पंतप्रधान किशी नोबुसुके यांनी अमेरिकेबरोबरचा सुधारित सुरक्षा करार पुढे रेटला. १९ मेच्या रात्री विरोधी खासदारांना पोलिसांकरवी सभागृहाबाहेर काढून तो मंजूर करून घेतला. लाखो माणसं रस्त्यावर उतरली. १५ जूनला संसदेच्या आवारात झालेल्या झटापटीत कान्बा मिचिको ही तोक्यो विद्यापीठाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी मेली. चार दिवसांनी, १९ जूनला, करार आपोआप पक्का झाला. किशींना जावं लागलं, पण करार राहिला. एइ त्या मोर्च्यांत होते, आणि हरलेल्या मोर्च्यातून घरी परतणाऱ्या माणसाची ती पायपीट या गाण्याचं बीज आहे.

कराराचं नाव घेतलं असतं तर गाणं १९६० मध्येच अडकलं असतं, हे एक. पण त्याहून खोल गोष्ट ही, की हरून परतताना माणूस घोषणांची भाषा बोलत नाही. गर्दी पांगलेली असते, घसा बसलेला असतो, आणि सगळ्यांचं दुःख एकाएकी फक्त आपलं होऊन बसतं. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा एकटेपणाचा उल्लेख मी असा वाचतो. दिवसा लाखोंत असलेल्या माणसाचा तो रात्रीचा एकटेपणा आहे.

आणि असं गाणं क्यू कसा गातो! शब्द सरळ न उच्चारता तो स्वरांना मध्येच तोडतो, श्वासानं हलके धक्के देतो. शेवटचा ओकार तीन-चार तुकड्यांत सोडतो. एल्विस आणि बडी हॉली यांच्याकडून उचललेली ही लकब. एइंनी प्रथम ऐकलं तेव्हा ते चिडले होते, आपल्या शब्दांची ही काय मोडतोड, म्हणून. कवीचा राग मी समजू शकतो. पण रॉकबिलीत ज्या उचक्या मस्तीच्या असतात, त्या या संथ चालीवर बसल्या की आवंढे होतात. शब्द म्हणतात अश्रू ओघळू देणार नाही, आवाज दर ओळीला अडखळतो. मला भाषा न कळता जे कळलं ते या अडखळण्यातून. ज्या अमेरिकेबरोबरच्या करारामुळे कवी रडला, तिच्याच गाण्यांतून गायकाला रडण्याची ही रीत सापडली, हा योग कुणी ठरवून जुळवलेला नव्हता.

पुढचा प्रवास गाण्याच्या नावाच्या बाबतीत क्लेशाचा आहे. इंग्लंडमध्ये ‘पाय’ नावाच्या तबकडी कंपनीनं केनी बॉलच्या जॅझ मंडळींकडून याची केवळ वाद्यांवरची आवृत्ती काढली. मूळ नाव इंग्रजी जिभेला जड, म्हणून तिथल्या लोकांना ठाऊक असलेला एक जपानी शब्द चिकटवला: ‘सुकियाकी’. ते एका मांसाच्या रश्श्याचं नाव आहे. एखाद्या विराणीवर ‘पांढरा रस्सा’ अशी चिठ्ठी लावावी, तसं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पॅस्को गावच्या रेडिओवरून क्यूची मूळ तबकडी वाजू लागली, लोक परत परत मागू लागले, मग कॅपिटॉल कंपनीनं ती काढली, तीही त्या रश्श्याच्याच नावानं. १५ जून १९६३ रोजी ती बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली. कान्बा मिचिकोच्या मृत्यूला त्या दिवशी तीन वर्षं झाली होती. क्यूचा जन्म १० डिसेंबर १९४१ चा, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, कावासाकीत. ज्या देशाशी युद्ध पेटलं असताना तो जन्मला, त्या देशातल्या घराघरांत त्याचा आवाज पोचला होता, आणि तोही जपानीत.

साठच्या दशकातल्या संगीताचा इतिहास लिहिताना फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले तिथपासून जग बदललं असं म्हणायची पद्धत आहे. पण त्याआधीच्या एका वर्षात अमेरिकन यादीच्या शिरावर एक जपानी गाणं बसलं, आणि वर्षाअखेर बेल्जियमच्या एका जोगिणीचं ‘दोमिनिक’ हे फ्रेंच गाणं. कान आधीच उघडे झाले होते. आपल्याकडे १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’नं लताबाईंच्या आवाजात ‘सायोनारा’ हा शब्द घरोघरी नेला. तो शंकर-जयकिशन यांच्या कल्पनेतला जपान, गोड आणि रंगीत. त्याच्या पाच वर्षं आधीच्या खऱ्या जपानचा एक श्वास ज्याला ऐकायचा असेल त्यानं हे गाणं लावावं.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी तोक्योहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान डोंगरावर कोसळलं. ५२० माणसं गेली. त्यांत त्रेचाळीस वर्षांचा क्यू होता. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपाननं स्वतःला धीर देण्यासाठी पुन्हा हेच गाणं गायलं.

तबकडीतली एक जागा मी मुद्दाम राखून ठेवली होती. शरदाच्या आठवणीआधी, जिथे शब्द यायला हवेत, तिथे शब्द येत नाहीत. क्यू शीळ घालतो. ओठांचा चंबू करून, चाल तीच, लय तीच. मला ती सगळ्या गाण्यातली सर्वांत हळवी जागा वाटते, कारण बोलायला गेलं तर गळा दाटेल हे त्या मुलाला कळलेलं असतं, आणि शीळ घालायला गळा लागत नाही. पुढे शब्द परततात, ढगांवरच्या सुखासारखंच सावलीतलं दुःखही सांगून होतं, शेवटचं कडवं संपतं, आणि मग पुन्हा शीळच उरते. ती थांबत नाही, फक्त बारीक होत जाते. मुलगा कोपऱ्यावरून वळला असावा. पावलं अजून त्याच लयीत पडत असतात.