‘इनोसन्ट’ : अर्थ, उपयोजन आणि ‘द क्वाएट अमेरिकन’

इंग्रजीतील ‘इनोसन्ट’ हा शब्द ‘इजा करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूला नकारार्थी उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. ‘इजा न करणारा’ हा त्याचा मूळ अर्थ होय. कालांतराने ‘निरपराध’ व ‘भाबडा’ हे अर्थ रूढ झाले. निव्वळ निरुपद्रवीपणा दर्शविण्यासाठी त्याच धातूपासून आलेला ‘इनॉक्युअस’ हा शब्द योजला जातो.

ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द क्वाएट अमेरिकन’ (१९५५) या कादंबरीत या अर्थांतील विसंगती प्रकर्षाने जाणवते. सायगावमधील तरुण अमेरिकन अधिकारी पाइल सभ्य व शुद्ध हेतूचा आहे. तथापि, पुस्तकी सिद्धान्तावर विसंबून तो ‘तिसऱ्या शक्ती’ला स्फोटकांचे साहित्य पुरवितो. भर चौकातील स्फोटात स्त्रिया व मुले बळी पडतात. तरीही पाइलची श्रद्धा ढळत नाही. तो हेतूने ‘इनोसन्ट’ असला, तरी परिणामाने नाही.

मात्र हा निवाडा निवेदक फाउलरचा आहे. हा ब्रिटिश वार्ताहर फुआँगच्या प्रेमात पाइलचा प्रतिस्पर्धी असून त्याच्या हत्येतही सहभागी होतो. त्यामुळे त्याच्या तोंडी हा शब्द निखळ वर्णन राहत नाही.

मराठीतील ‘निरागस’ या शब्दात ‘आगस्’ म्हणजे अपराध. तो योजल्यास पाइल दोषमुक्त ठरतो. ‘निरुपद्रवी’ म्हटल्यास स्फोटाचा विसर पडतो. ‘भाबडा’ हा पर्याय अधिक सयुक्तिक ठरतो, कारण त्यात हानी न करण्याची ग्वाही नाही.