हालाची गाथा आणि गोदाकाठचा कुणबी

सातवाहनांचा इतिहास वाचू लागले की राजे पुष्कळ भेटतात, माणसे मात्र भेटत नाहीत. पुराणांतल्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. नाणेघाटात राजघराण्याच्या पुतळ्यांची नावे उरली. पुतळे केव्हाच गेले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरविला आहे. आईने करविलेला गौरव म्हणून तो लेख हृद्य आहे; पण आमच्या परभणीकडचा कुणबी तेव्हा कसा जगत होता, हे त्यावरून कळत नाही.

ते थोडेफार कळते ‘गाथासप्तशती’तून. माहाराष्ट्री प्राकृतातला हा सातशे गाथांचा संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे. मत्स्यपुराणाने या हालाला राज्य दिले अवघे ५ वर्षांचे! पण त्याच्या संग्रहात राजे क्वचितच दिसतात. दिसतात ते नांगऱ्ये, गावचा पाटील, वाटसरू आणि सासुरवाशिणी. पैठणहून पाथरी-गंगाखेडकडे वाहत येणारी आपली गोदावरी इथे ‘गोला’ या नावाने भेटते.

एका गाथेत गरीब घरची गर्भार बाई आहे. डोहाळे कसले लागले, असे विचारले तर ती म्हणते, पाण्याचे. नवऱ्याला पेच पडू नये, एवढाच तिचा हेतू. गरिबीविषयी कवी एक शब्द अधिक बोलत नाही, म्हणूनच ती गाथा काळजाला भिडते. दुसऱ्या एका गाथेतला शेतकरी ऐन माघात अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेतो. घरधनीण जवळ असता त्याला थंडीची पर्वा नाही. बैलासाठी काय काय विकावे लागते, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको.

तरीही या गाथांना खेड्याची रोजनिशी समजू नये. पुष्कळ ठिकाणी खेडुताच्या भोळेपणाला हसणारा नागर रसिक डोकावतो. शिवाय वेबरने १८७० आणि १८८१ मध्ये ग्रंथ संपादून दाखविले की निरनिराळ्या पाठपरंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० च आहेत. म्हणजे भर पडत गेली आहे. एका राजाच्या कारकिर्दीचा पुरावा म्हणून ग्रंथ वापरणे धोक्याचे. सामान्यांच्या सुखदुःखाची जुनी साक्ष म्हणून मात्र मी त्याला नाशिकच्या लेखापेक्षा वरचे स्थान देईन.

स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली विस्तृत प्रस्तावनेसह याचा मराठी अनुवाद दिला. दिवाळीत घर भरलेले असताना त्यातल्या निवडक गाथा मोठ्याने वाचाव्यात. निवडक म्हणतो, कारण शृंगारही भरपूर आहे! मुलांना सातवाहन राजांची नावे पाठ करायला लावण्यापूर्वी पाण्याचे डोहाळे सांगणारी ती बाई त्यांना भेटू द्यावी. नावे मग आपोआप लक्षात राहतील.