दप्तराच्या यांत्रिक प्रती व त्यांचीं साधनें : एक परीक्षण

जुने कागद स्कॅन करून संगणकाच्या दप्तरांत ठेवण्याची प्रथा आतां संस्थांतून व घराघरांतून रूढ झाली आहे. त्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, असें कित्येक सभासद आम्हांस विचारतात. प्रश्नाचा रोख बहुधा किंमत व वेग यांवर असतो. आमच्या मतें हा प्रश्न मूलतः पाठशुद्धीचा आहे. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकास जी कसोटी लावावयाची, तीच या यंत्रास लावली पाहिजे. त्या दृष्टीनें कांहीं साधनें आम्हीं वापरून पाहिलीं; त्यांचें परीक्षण येथें देत आहों.

प्रारंभीं एक घडलेली गोष्ट. एका गृहस्थांनीं घराण्याचे तीन रुमाल स्कॅन करवून घेतले आणि जागेच्या अडचणीमुळें मूळ कागद रद्दींत घातले. काम करणाऱ्या दुकानानें त्या प्रती आपल्याच सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपांत साठविल्या होत्या. पुढें तें सॉफ्टवेअर बंद पडलें. गृहस्थ तबकडी घेऊन आमच्याकडे आले, तेव्हां तींतील एकही पान उघडेना. यावरून पहिली कसोटी ठरते : प्रत करणारें साधन नाहींसें झालें, तरी प्रत वाचतां आली पाहिजे. २००५ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालेलें पीडीएफ-ए हें स्वरूप याच हेतूनें रचलेलें आहे. पान दाखविण्यास लागणारे फॉन्टदेखील त्यांत फाइलींतच ठेवावे लागतात.

दुसरी कसोटी चित्राच्या शुद्धतेची. २०१३ सालीं डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानें झेरॉक्स कंपनीच्या कांहीं यंत्रांतील एक दोष उघडकीस आणला. घराच्या नकाशांतील २१.११ चौरस मीटरची खोली प्रतींत १४.१३ ची झाली होती. फाइल लहान करण्यासाठीं वापरलेली जेबीआयजी-२ ही पद्धति सारखे दिसणारे ठसे एकच समजून एकाच्या जागीं दुसरा बसवीत होती. कंपनीनें पुढें दुरुस्ती दिली; पण धडा कायमचा आहे. अडाणी लेखकाचा प्रमाद डोळ्यांस खुपतो आणि म्हणून पकडला जातो. येथें चुकीचा अंक मूळ अंकाइतकाच स्वच्छ दिसतो, त्यामुळें शंकाच येत नाहीं. शकाचा एक अंक असा पालटला, तर कालनिर्णयाची सारी इमारत ढासळेल. यास्तव फाइल लहान होते एवढ्यावर कोणत्याही साधनाची स्तुति करूं नये. छापील मजकुरासाठीं इंचास ३०० ठिपके पुरतात. बारीक अक्षरास अधिक घ्यावेत, आणि रंग टाकूं नये, कारण शाईचा व शिक्क्याचा भेद रंगानेंच कळतो.

तिसरी कसोटी यंत्राच्या वाचनाची. टेसरॅक्ट हें साधन ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत तयार झालें, २००५ सालीं सर्वांस खुलें झालें, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तींत त्याची वाचनपद्धति मुळापासून बदलली. त्यास मराठीचा व संस्कृतचा असे दोन्ही भाषासंच आहेत. स्वच्छ छापील मराठी तें बरें वाचतें. परंतु जुन्या छपाईंत घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत आम्हांस वारंवार आढळली, आणि जुन्या लेखनांतील अनुस्वार तर पुष्कळदां गळाले. मोडीचा प्रश्न निराळाच. मोडी लिपि २०१४ सालीं युनिकोडांत आली, तरी टेसरॅक्टच्या अधिकृत संचांत तिला स्थान नाहीं. तात्पर्य, यंत्रानें वाचलेला मजकूर ही शोधण्याची सूचि होय, पुरावा नव्हे. तो मजकूर चित्र न पाहतां लेखांत उद्धृत करणें हा संशोधनांतील अपराध समजावा.

आतां निवडीविषयीं. एकट्या अभ्यासकास नॅप्स-२ पुरे. तें विनामूल्य आहे, टेसरॅक्टच्या साह्यानें मजकूर वाचतें व पीडीएफ-ए स्वरूपांत प्रत देतें. स्कॅनर जुना असून निर्मात्यानें त्याचा पाठिंबा सोडला असेल, तर व्ह्यूस्कॅन विकत घेणें योग्य. चांगलें यंत्र भंगारांत जाण्यापेक्षां हा खर्च बरा. संस्थेच्या संग्रहासाठीं मात्र आम्ही पेपरलेस-एनजीएक्सची शिफारस करतों. तें मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतें, मजकुरासह पीडीएफ-ए प्रत वेगळी करतें, आणि पत्रलेखक, प्रकार, दिनांक यांप्रमाणें शोध घेऊं देतें. मूळ आणि संस्कारित प्रत वेगळी ठेवणें हें तर संपादनाचें आद्य तत्त्वच होय. त्याचे दोष दोन. तें चालविण्यास जाणता मनुष्य लागतो. आणि त्याची वाचनभाषा आरंभीं इंग्रजी असते, ती बदलून मराठी न केल्यास देवनागरी पानांतून निव्वळ अक्षरांचा कचरा निघतो.

कागद एकदां स्कॅन झाले कीं ते सांभाळण्याचा खर्च वांचतो, असें कित्येकांचें म्हणणें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. कागदाची जात, जोड, पाठीवरचा शेरा, नंतरच्या हाताची शाई यांविषयीं उद्यां कोणता प्रश्न उपस्थित होईल, हें आज स्कॅन करणारास ठाऊक नसतें. प्रत कितीही उत्तम असली, तरी तिच्या पाठाविषयीं वाद पडल्यास निकाल मूळ कागदच देऊं शकतो. म्हणून सॉफ्टवेअर सावकाश निवडावें. रुमाल मात्र आजच नीट बांधून कोरड्या जागीं ठेवावेत.