चौदा दिवसांची सूचना : उत्पादक कंपनीच्या सभाविषयक कलमाचे परीक्षण

कायद्यातील एखाद्या कलमाचे परीक्षण करावयाचे तर त्याचे शब्द, ते ज्यांच्यासाठी योजले ते लोक आणि त्या शब्दांमुळे प्रत्यक्षात घडणारा व्यवहार, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी, हे सांगणारे कलम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात हा प्रश्न केवळ वकिलांचा राहत नाही. नफ्यातील किती रक्कम राखून ठेवावी, सभासदांस किती वाटावी आणि कारभार कोणाच्या हाती द्यावा, हे ठरविणारी सभाच त्यावर अवलंबून असते.

डॉ. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २००२ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कंपनी कायद्यात भाग ९-अ घालण्यात आला. सहकाराची तत्त्वे कायम ठेवून शेतकऱ्यांस कंपनीचे स्वरूप उपलब्ध करून द्यावे, हा त्यामागील हेतू होता. म्हणूनच सर्व सभासद व्यक्ती असतील तर भाग कितीही असोत, प्रत्येकास मत एकच. २०२० च्या दुरुस्तीने ही व्यवस्था २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ म्हणून आली. त्यातील कलम ३७८-झेडए सभेसाठी 'किमान चौदा दिवसांची' लेखी सूचना मागते. त्याच कायद्याचे कलम १०१ इतर कंपन्यांसाठी 'पूर्ण एकवीस दिवस' सांगते.

एकवीस आणि चौदा यांतील अंतर उघड आहे. परंतु अधिक महत्त्वाचे अंतर 'पूर्ण' या शब्दात आहे. सूचना पोहोचल्याचा दिवस व सभेचा दिवस वगळून मधले दिवस मोजणे, हा त्याचा अर्थ. १९५६ च्या कायद्यापूर्वीच मद्रास रेस क्लबच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने 'किमान इतके दिवस' या शब्दांचा असाच अर्थ लावला होता. २०१३ च्या कायद्याने तो शब्द कलमातच घातला. मात्र उत्पादक कंपन्यांचे प्रकरण नव्या कायद्यात आणताना जुनी शब्दयोजना तशीच ठेवली गेली. एकाच कायद्यात दोन ठिकाणी दोन शब्दयोजना असल्या म्हणजे अर्थही दोन असावेत, असा युक्तिवाद करण्यास जागा राहते.

त्याचा परिणाम हिशेबाने पाहावा. महिन्याच्या १ तारखेस सूचना टपालात टाकली, तर ४८ तासांनी, म्हणजे ३ तारखेस, ती पोहोचली असे नियमाने मानले जाते. पूर्ण चौदा दिवस धरले तर सभा १८ तारखेपूर्वी होऊ शकत नाही. पाठविल्यापासून ढोबळपणे मोजले तर ती १५ तारखेसही भरेल. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या टोल्यावरच्या सभासदास रोवणीच्या हंगामात हे तीन दिवस लहान नव्हेत.

उत्पादक कंपनी लहान, सभासद एकमेकांचे शेजारी, तेव्हा थोडी मुदत पुरेशी आहे, असे समर्थन करता येईल. ते अगदीच निराधार नाही. तथापि याच कलमातील इतर तरतुदी त्यास छेद देतात. येथे गणपूर्तीसाठी एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश लागतात. हजार सभासद असतील तर अडीचशे. तेवढ्याच सभासदांच्या सार्वजनिक कंपनीस पाच पुरतात. सभासदांना स्वतः विशेष सभा मागावयाची तर एक तृतीयांश मतदारांची मागणी हवी. अन्य भागभांडवली कंपनीत मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा एक दशांश पुरतो. अर्थात जेथे अधिक माणसे जमवावी लागतात, तेथेच कायद्याने वेळ कमी दिला आहे.

याहून सूक्ष्म दोष उमेदवारीसंबंधीचा आहे. वार्षिक सभेच्या सूचनेसोबत कार्यक्रमपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद आणि संचालकपदाच्या उमेदवारांची नावे पात्रतेसह पाठवावी लागतात. मग ज्यास सभेची वार्ता सूचनेतूनच प्रथम कळते, त्याचे नाव त्या यादीत येणार कसे? सूचना हातात पडते तेव्हा उमेदवारीचा दरवाजा बहुधा बंद झालेला असतो. एक सभासद एक मत हे तत्त्व मतदानापुरते सुरक्षित राहते. कारभारात शिरण्याची संधी मात्र ज्यांना तारीख आधी ठाऊक असते त्यांच्याकडेच जाते.

सूचनेच्या भाषेविषयी हे कलम मौन बाळगते. मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी आणि गोंडी बोलणाऱ्या या जिल्ह्यात ताळेबंद इंग्रजीत पाठवूनही कायद्याचे शब्द पाळले गेले असे म्हणता येईल. ग्रामसभेसाठी दवंडी देण्याची रीत ज्यांनी घातली, त्यांना सूचना कानी पडणे आणि कळणे यांचे महत्त्व अधिक उमगले होते, असे म्हणावे लागते.

सुदैवाने 'किमान' हा शब्द येथे उपकारक ठरतो. चौदा दिवस ही खालची मर्यादा आहे, वरची नव्हे. कायदा बदलण्याची वाट न पाहता कंपन्यांनी आपल्या नियमावलीतच पूर्ण एकवीस दिवसांची मराठी सूचना, तिचे टोल्याटोल्यावर वाचन आणि उमेदवारी मागविणारी स्वतंत्र पूर्वसूचना यांची तरतूद करावी. संसदेनेही 'पूर्ण' हा एक शब्द येथे घातल्यास अर्थाचा संशय फिटेल. सूचनेचा कालावधी सभासदास विचार करण्यास मिळालेला वेळ असतो. तो ज्याच्या हाती असतो, सभेचा निर्णयही बहुधा त्याच्याच हाती राहतो.