चित्रात बाई, सही पुरुषाची

मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेक किल्ल्यातील संग्रहालयात सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस या कवयित्री ननचे भलेमोठे तैलचित्र आहे. मागे ग्रंथांनी खच्चून भरलेली कपाटे, एक हात उघड्या पुस्तकावर, दुसऱ्या हातात जपमाळ, नजर थेट बघणाऱ्यावर. मिगेल काब्रेराने ते १७५० मध्ये रंगवले. सोर ह्वाना वारली १६९५ मध्ये, म्हणजे त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते. अखेरच्या वर्षांत तिचा हा ग्रंथसंग्रह तिच्यापाशी उरला नव्हता, याची खूणही चित्रात नाही. तरीही स्पॅनिश अमलातल्या मेक्सिकोतील स्त्रीबद्दल लिहायचे झाले की समीक्षक आधी याच चित्राकडे वळतात. चित्र उत्तमच आहे, पण त्याच्यामागे इतर पुष्कळ काही झाकले जाते.

अठराव्या शतकात तिथे ननांची व्यक्तिचित्रे काढून घेण्याची मोठी हौस होती. मुलगी व्रत घेऊन मठात गेली की पुन्हा घरी येणार नसे. म्हणून घरचे लोक तिला डोक्यावर फुलांचा भरघोस मुकुट, हातात सजवलेली मेणबत्ती आणि बाळयेशूची मूर्ती अशा थाटात रंगवून घेत. मठात प्रवेशासाठी तीन-चार हजार पेसो हुंडा द्यावा लागे, तेव्हा हे प्रकरण ऐपतदारांचेच. मूळ रहिवाशांच्या मुलींना मठात नन होण्याची वाट मोकळी झाली ती १७२४ मध्ये, मेक्सिको सिटीतल्या कॉर्पुस क्रिस्ती मठात. तीही फक्त सरदार घराण्यांतल्या. या चित्रांत चेहऱ्यापेक्षा फुले जास्त बोलतात. मला ती सुंदर वाटतात, आणि बघताना थोडे गुदमरायलाही होते.

कास्ता चित्रांची तऱ्हा वेगळी. आई-बाप आणि मूल एका चौकटीत, खाली मिश्र वंशाची पाटी. असा बहुधा सोळा चित्रांचा संच. इथे बाई दिसते ती वंशावळीतला एक दुवा म्हणून. अपवाद वाटावा असे एक चित्र आंद्रेस दे इस्लासचे, १७७४ चे: स्वयंपाकघरात आफ्रिकी वंशाची बायको स्पॅनिश नवऱ्यावर तुटून पडली आहे. अनेकांना त्यात बंडखोरी दिसते. मला त्यात बंड दिसत नाही. मिश्र विवाह केलात तर घरात काय वाढून ठेवले आहे, हे सांगणारी ती गोऱ्या गिऱ्हाइकासाठीची तंबी आहे.

आपल्याकडच्या वाचकाने थांबून पाहावी अशी बाई पुएब्ला शहरातली: कातारिना दे सान ह्वान. मुघल हिंदुस्थानात जन्मलेल्या या मुलीला पोर्तुगीज चाच्यांनी पळवले. कोचीन, मनिला करत ती गुलाम म्हणून मेक्सिकोत पोहोचली. पुढे सुटका झाली, विरक्ती आली आणि लोक तिला संत मानू लागले. १६८८ मध्ये ती वारली. आलोन्सो रामोस या जेझुइटाने तिचे तीन खंडांचे चरित्र छापले. गोव्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या इन्क्विझिशनच्या मेक्सिकोतील न्यायालयाने १६९१ मध्ये तिच्या प्रतिमांवर बंदी घातली आणि पुढे चरित्रावरही. सोर ह्वानाची चित्रे पुन्हा पुन्हा रंगवली गेली. कातारिनाचा चेहरा मात्र हुकूम काढून पुसला गेला. पुढे तिचे नाव ‘चीना पोब्लाना’ या झगमगीत मेक्सिकन पोशाखाशी जोडले गेले, पण तो पोशाख एकोणिसाव्या शतकातला. उपासतापास करणाऱ्या या बाईने असले काही अंगाला लावले असते, असे वाटत नाही.

मग बायकांच्या हातची कला कुठे आहे? कीतोतील इसाबेल दे सांतियागोसारखी एखादी चित्रकर्ती नावानिशी सापडते, तीही बापाच्या चित्रशाळेमुळे. मेक्सिको सिटीत चित्रकारांच्या संघाचे नियम १५५७ पासूनचे, आणि धंद्याचे संघ पुरुषांच्या हाती. संघाचे नियम आड न येता स्त्रियांना आपल्याला जमणारे काम करता येईल, असा हुकूम निघायला १७९९ उजाडले. तोवरचे त्यांचे बहुतेक काम सुई-दोऱ्यातले. काही रेबोसो, म्हणजे अंगावर घ्यायच्या लांब ओढण्या, पाहा: रेशमी धाग्यांत सहली, नावा, कालवे, नटूनथटून निघालेली माणसे भरलेली. शहराचे इतके मोकळे, मिश्कील चित्रण त्या काळच्या तैलरंगातही फार थोडे आढळेल. पण मोठ्या प्रदर्शनांत दर्शनी भिंत काब्रेराला मिळते आणि रेबोसो वस्त्रविभागाच्या काचेआड जातो. सहीचा कॅनव्हास ती कला आणि बिनसहीचे भरतकाम ती कारागिरी, ही वाटणी धंद्याच्या संघांनी केली होती. समीक्षेने ती अजून का पाळावी?